कंपनीला सुतक नसतं

सकाळपासून चहा सोडून रामकिसन आण्णांनी पोटात काय घातलं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या आपल्या दुकानात स्टुलावर बसून होते, आन् नजर समोरच्या रिकाम्या भिंतीवर. दरसाल पाडव्याला त्या भिंतीला नव्या कोऱ्या लोखंडी कपाटांची रांग लागायची. लग्नसराईचा माल. औंदा पाडवा होऊन गेला तरी भिंत मोकळीच.

दुपारी आशाबाई डबा घेऊन आल्या. रोज नाय यायच्या त्या, पण नवऱ्याचा चेहरा सकाळी बघितला होता, म्हणून घरी जीव लागंना.

"दोन घास खा," त्या म्हणल्या. "उपाशी राहिल्यानं गाडी सुटणारंय का?"

"आधी कचरूला विचार, जेवला का."

कचरू बाहेर पायरीवर बसला होता. आण्णांच्याच गावचा, अजिंठ्याकडचा. स्वतःचा टेम्पो, आन् आण्णांशी तीस-पस्तीस वर्षांची दोस्ती. तिथूनच तो वरडला, "मी जेवलो वहिनी! माझी काळजी करू नका. आण्णाला चारा, नायतर मलाच त्यांना उचलून न्यावं लागंल, आन् माझी गाडी तर अटकेत."

हसण्यावारी बोलला, पण कोणी हसलं नाय. कारण गाडी खरंच अटकेत होती. पाडव्याला सकाळी सिल्लोडच्या कारखान्यातून चौदा कपाटं भरून कचरू निघाला, आन् फुलंब्रीच्या पुढं टॅक्सवाल्या पथकानं हात केला. कागद बघितले. बिलावर चौदा कपाटं, आन् रक्कम सव्वा रुपया.

"चौदा कपाटं सव्वा रुपयात?" तिथला साहेब म्हणला होता. "मग मला पण दोन द्या की. बायको कधीची मागं लागलीय."

कचरूला वाटलं साहेब मजेत आहे, सोडंल. साहेबानं गाडी ऑफिसच्या आवारात लावायला सांगितली, आन् मालकाला हजर व्हायची तारीख दिली.

आता हा सव्वा रुपया कुठून आला ते सांगितल्याबिगर आण्णा समजायचे नाय.

रामकिसन आण्णा म्हणजे सिल्लोडला दुसऱ्याच्या शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करणारा माणूस. बहिणीच्या लग्नात कपाट द्यायचं ठरलं आन् विकत घ्यायची ऐपत नव्हती, तर मालकाकडून पत्र्याचे वाया गेलेले तुकडे मागून ह्यांनी स्वतःच कपाट बनवलं. दार जरा वाकडं लागायचं. पण मांडवात लोकांनी त्या कपाटाला हात लावून लावून बघितलं, आन् तिथंच दोन जणांनी सांगितलं, आमच्या पोरीला पण एक कर. असा धंदा सुरू झाला. मग स्वतःची शेड, मग औरंगपुऱ्यात दुकान. शेडमध्ये बनवायचं, दुकानात विकायचं.

पहिल्यांदा शेडचा माल दुकानात आणायचा तो दिवस पाडव्याचा. आण्णांची आई तेव्हा होती. ती म्हणली, "मुहूर्ताचा माल फुकट न्यायचा नसतो. घरचा असला तरी दाम द्यावा." तर आण्णांनी पहिल्या कपाटाच्या लॉकरमध्ये नारळ ठेवला, सुपारी ठेवली, एक रुपया आन् चार आणे ठेवले. हा दुकानानं शेडला दिलेला दाम. दुकानात कपाट उतरलं की लॉकर उघडायचा, नारळ फोडायचा, आन् तो सव्वा रुपया शेडच्या गल्ल्यात परत. दरसाल तीच नाणी. चार आणे सरकारनं बंद केले तरी आण्णांचे चालू होते.

तेव्हा सगळं कायद्यात बसायचं. शेड पण ह्यांची, दुकान पण ह्यांचं, टॅक्सचा नंबर एकच. माल एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेला तर नुसत्या चलनाच्या चिठ्ठीवर जायचा. विक्रीच नाय, तर टॅक्स कशाचा? आण्णा म्हणायचे, ह्या खिशातनं त्या खिशात.

मग दोन वर्षांमागं पावडर कोटिंगची भट्टी घ्यायची ठरली. बँक म्हणली, कर्ज मोठं आहे, कंपनी काढा. प्रायव्हेट लिमिटेड. तर सिल्लोडचा कारखाना कंपनीच्या नावावर झाला. डायरेक्टर दोन, आण्णा आन् आशाबाई. दुकान तेवढं आण्णांच्या नावावर राहिलं.

टॅक्सचं काम बघणारी विशाखा मॅडम, तिनं तेव्हाच बसवून समजावलं होतं. आशाबाईंच्या देखतच.

"काका, आता कंपनी म्हणजे तुम्ही नाही. कंपनी वेगळी, तुम्ही वेगळे. कंपनीनं तुमच्या दुकानाला माल दिला तर ती विक्री झाली. आणि परक्या गिऱ्हाइकाला जो भाव, तोच भाव लावायचा."

"म्हणजे पोरगं लग्न होऊन वेगळं राहायला लागलं म्हण की," आण्णा म्हणले.

"बरोबर. आणि वेगळं राहणाऱ्या पोराच्या डब्यातलं पीठ न विचारता काढायचं नाही."

आण्णा लई हसले होते. आन् वर्षभर पाळलं पण. प्रत्येक कपाटाचं पुऱ्या भावाचं बिल, अठरा टक्के टॅक्स, गाडीचं ई-वे बिल, सगळं. फक्त पाडव्याची एक गाडी. त्या दिवशी आण्णा स्वतः कॉम्प्युटरवर बसले, एका बोटानं टाईप करत सव्वा रुपयाचं बिल काढलं. कंपनी झाली म्हणून आईचा नेम मोडायचा का, असं त्यांचं म्हणणं. मागच्या साली कोणी अडवलं नाय. औंदा अडवलं.

आन् विशाखानं सांगितलं तेव्हा आण्णांचं तोंड उतरलं. दुकान कंपोझिशनमध्ये होतं. म्हणजे दुकान आपल्या विक्रीवर ठरलेला थोडा टॅक्स भरतं, पण माल घेताना दिलेला टॅक्स त्याला परत मिळत नाय. "म्हणून काका, कंपनीनं भाव सव्वा रुपया दाखवला की सरकारचा टॅक्स कायमचाच बुडतो. पुढं कुठंच वसूल होत नाही. शिवाय खरा माल लाखाच्या वरचा, त्याला ई-वे बिल नाही. त्यांना हे चोरीसारखंच दिसणार."

चोरीसारखं. त्या एका शब्दानं आण्णांची झोप उडाली.

तर त्या दुपारी दुकानात डबा उघडाच राहिला आन् तात्यासाहेबांचा फोन आला. तात्यासाहेब म्हणजे आण्णांचे मोठे चुलतभाऊ. घराण्यातलं लग्न असो का वाटणी, शेवटचा शब्द त्यांचा. आण्णांनी फोन स्पीकरवर टाकला.

"रामकिसन, बावळटपणा नको करू. पुऱ्या भावाचं बिल काढ आज. तारीख पाडव्याची टाक. उद्या त्या साहेबाला म्हण, खरं बिल हे, डायवर गाडीत घ्यायला विसरला. सव्वा रुपयाचा कागद पूजेचा होता म्हण, येड्यानं तोच दाखवला."

"तात्या, कचरूवर घालायचं?"

"मग काय स्वतःवर घालतो? डायवरला काय इज्जत असती बाबा?"

पायरीवर कचरूनं सगळं ऐकलं. फोन बंद झाल्यावर तो आत आला. "घाला आण्णा माझ्यावर. मला आधीच समदे येडं म्हणत्यात. अजून एका साहेबानं म्हणलं तर काय फरक पडतो व्हय?"

आण्णा गालावर हात ठेवून बसले.

"काय होतंय?" आशाबाईंनी विचारलं.

"दाढ ठणकायली. सकाळधरनं."

"कोणती?"

"कळंना. सगळाच जबडा दुखतोय."

आशाबाई शेजारच्या दुकानातनं लवंग घेऊन आल्या. आण्णांनी ती दाढेखाली धरली. कपाळावर घाम होता. पंखा फुल होता तरी घाम. आशाबाईंनी पदरानं पुसला, आन् आण्णांनी त्यांचा हात तसाच धरला. भर दुकानात, कचरूच्या देखत. असं ते कधी करायचे नाय.

"अगं, उद्या अकराला मीच जातो," ते म्हणले. "खरं काय ते सांगून येतो. म्हणतो, साहेब, मी येडा आहे, चोर नाय. काय दंड असंल तो भरतो. पण कचरूचं नाव नाय घ्यायचं. आन् गाडी सोडवून आणायची."

"बरं. आता खा."

"शटर ओढून येतो, मग खातो."

शटर ओढायला उठले. हात वर गेला, आन् माणूस खाली बसला. पडले नाय, बसले, जसं कोणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तसं.

कचरूनं रिक्षा थांबवली. औरंगपुऱ्यातल्या त्या गल्ल्या, लग्नाची खरेदी, गाडीला गाडी चिकटलेली. रिक्षावाला चाचा हॉर्नवर हात दाबून होता. "भाभी, सर पकडो उनका, सीधा पकडो. मैं निकालता, घबराव मत. ए बाजू हो रे, बाजू!" कचरू खाली उतरून पुढं पळायला लागला, लोकांना ढकलत वाट करत. आशाबाईंच्या मांडीवर आण्णांचं डोकं. डोळे उघडे होते. काहीतरी बोलायचं होतं, पण लवंग अजून दाढेतच.

दवाखान्यात डॉक्टर लवकरच बाहेर आले. इतक्या लवकर आले की आशाबाईंना तिथंच समजलं.

तोंडाजवळ वाकल्या तेव्हा लवंगेचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेबापुढं आण्णा नाय, विशाखा गेली, आन् तिनं खबर दिली. साहेबानं चार दिवस पुढची तारीख दिली. जास्त देता येत नाय म्हणला, कायद्यानं मला पण दिवस बांधून दिलेत.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं घरी आली. हर्सूलला घर. ओट्यावर तात्यासाहेब, आजूबाजूला भावकी, आत बायका. कचरू लांब, फाटकाजवळ. संध्याकाळी विशाखा आली, चप्पल बाहेर काढून उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली.

"काकू, ही वेळ नाही, मला समजतं," ती म्हणली. "पण तारीख परवावर आलीय. कोणी तरी माल आमचा आहे म्हणून पुढं यावं लागेल."

तात्यासाहेब म्हणले, "कोण येणार? मालक गेला की."

"दुकानाचे मालक गेले. दुकान काकांच्याच नावावर होतं, ते त्यांच्याबरोबर थांबलं. त्याचा नंबर आता बंद करायचा, वारसाला नवीन घ्यायचा. दुकानाच्या खात्यातले पैसेसुद्धा सध्या काढू नका, कोणाकडं कार्ड असलं तरी. पण माल कंपनीनं पाठवला होता. कंपनी आहे अजून. आणि कंपनीच्या डायरेक्टर काकू आहेत."

"पोरी, घरात सुतक आहे. दहावा झाल्याबिगर ही बाई उंबरा ओलांडणार नाय."

"सुतक घरात आहे, तात्यासाहेब. कंपनीला सुतक नसतं."

आतल्या एका म्हातारीनं जिभेनं च्यक केलं. विशाखाला स्वतःलाच कसंतरी झालं. "माफ करा," ती म्हणली. "मला तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच म्हणायचं होतं," तात्यासाहेब म्हणले. "शिकलेल्या माणसांना असंच बोलता येतं. मग ऐक. माल सोडून द्या. ज्यानं बिल काढलं तो गेला, त्याच्यावर घाला सगळं. मेलेल्या माणसाला कोण दंड करतंय?"

"कोणी पुढं आलं नाही तर दंड वाढतो. तोही नाही भरला तर माल लिलावात जातो. आणि गाडी पण अडकते."

फाटकाजवळ कचरूनं मान खाली घातली. त्या टेम्पोचे हप्ते चालू होते, घरात दुसरी कमाई नव्हती.

आशाबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याच्यावर घाला. हे शब्द त्यांनी आठवडाभरात दुसऱ्यांदा ऐकले. आधी कचरूवर घाला, आता ह्यांच्यावर घाला.

"विशाखा," त्यांनी आतनं विचारलं, "मी सही दिली तर तू जाशील?"

"जाईन काकू. तेवढ्यानं चालतं."

"साहेब विचारतील ना, सव्वा रुपया का लिहिला?"

"विचारतील."

"तू काय सांगशील?"

"चूक झाली म्हणून सांगेन."

"चूक म्हणजे कशी? चोरी करताना सापडलो, तशी चूक?"

विशाखानं हातातली फाईल मिटली.

"मग मी येते," आशाबाई म्हणल्या.

तात्यासाहेब उठले. "लोक तोंडात शेण घालतील. राख सावडून दिवस उलटला नाय तोवर बाई कचेऱ्या हिंडायला लागली."

"तात्या, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाय," आशाबाई बाहेर न येता म्हणल्या. "पण ह्यांनी जाता जाता एवढं एकच काम सांगितलंय."

तात्यासाहेबांनी चपला पायात सरकवल्या आन् निघून गेले. त्या रात्री घरात कोणी आशाबाईंशी नीट बोललं नाय. म्हाताऱ्या कुजबुजत राहिल्या.

तारखेच्या दिवशी सकाळी त्या कचरूच्या मेव्हण्याच्या मोटरसायकलवर बसून जायच्या तयारीत होत्या. फाटकाशी तात्यासाहेबांची जीप उभी. तात्यासाहेब समोर बघत म्हणले, "फटफटीवर जाणार का ह्या अवतारात? बस." आन् लगेच, "मी आत येणार नाय. सांगून ठेवतो."

मागं कचरू बसलेला. ऑफिसच्या फाटकापुढं जीप थांबली तसा तात्यासाहेबांनी खिशातनं एक घडी घातलेला कागद काढून आशाबाईंच्या हातात दिला. "पुऱ्या भावाचं बिल आहे. तारीख पाडव्याची. सिल्लोडहून काढून आणलंय मी. दाखवायचं का नाय तुझं तू बघ. दाखवलंस तर दंडातनं सुटशील, आन् रामकिसनचं नाव बी साफ."

"मी तयारच हाय वहिनी," कचरू मागून हळूच म्हणला. "मी म्हणतो, बिल शिटाखाली राहिलं."

आशाबाईंनी कागद पिशवीत टाकला. जिना चढताना पिशवी काखेत घट्ट धरली होती, आन् आतला कागद नुसता कुरकुर वाजत होता.

वर विशाखा आधीच येऊन थांबली होती. साहेब पन्नाशीचा, चष्म्यातला. आशाबाईंचं मोकळं कपाळ बघून तो खुर्चीतनं अर्धा उठला, मग बसला. पाणी मागवलं.

"तुम्ही घरच्यांकडून आलात का कंपनीकडून?" त्यानं विचारलं. "मला तसं लिहावं लागतं."

आशाबाईंनी विशाखाकडं बघितलं. विशाखानं हळूच मान हलवली.

"कंपनीकडून," आशाबाई म्हणल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

"ठीक. आता आधी एक सांगा. ह्या मालाचं दुसरं काही बिल आहे का? पुऱ्या किमतीचं? असेल तर आत्ताच द्या, नंतर आणलेलं मी घेणार नाही."

कचरू दारात उभा होता. त्यानं घसा खाकरला. विशाखाला पिशवीतलं काय माहीत नव्हतं, ती आपली फाईल उघडत होती. आशाबाईंचा हात पिशवीच्या तोंडावर. हा कागद काढला तर माल सुटतो, गाडी सुटते, नाव सुटतं. आन् कचरू दारात तयार उभा, येडं म्हणवून घ्यायला. ह्यांचा तो दुकानातला हात आठवला, घामेजलेला.

"नाय साहेब," त्या म्हणल्या. "बिल तेवढंच आहे. सव्वा रुपयाचं. माझ्या मालकांनीच काढलंय."

दारातल्या कचरूनं श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

"का काढलं?"

मग आशाबाईंनी सांगितलं. सासूनं सांगितलेला नेम, पहिली गाडी, लॉकरमधला नारळ. एक खिसा होता त्याचे दोन झाले आन् ते त्यांच्या ध्यानात राहिलं नाय, वर्षभर राहिलं, पाडव्याला नाय राहिलं. साहेबानं कागद चाळले.

"हं. आमच्या तपासणीत लिहिलंय खरं. पहिल्या कपाटाच्या लॉकरमध्ये नारळ एक, सुपारी एक, रुपया एक, चार आणे एक." त्यानं चष्मा काढला. "आमच्या माणसानं चार आणे पण मोजले. चार आणे आता चालत नाहीत, बाई."

"आमच्या घरात चालतात साहेब."

साहेब हसला नाय, पण चष्मा पुसत बसला जरा वेळ. मग म्हणला, "मला तुमचं खरं वाटतं. पण दंड मी कमी करू शकत नाही. जो टॅक्स व्हायला पाहिजे होता, त्याच्या दुप्पट. कायदा गाडीत काय आहे ते बघतो, मनात काय आहे ते नाही. कंपनी आणि दुकान एकाच घरातलं असलं तरी दोघांमधी भाव बाजाराचा लागतो."

"कमी नका करू. आम्ही भरतो." आशाबाई म्हणल्या. "फक्त त्यांच्यावर चोर असं लिहू नका. ते तेवढ्याला भ्यायले होते."

साहेबानं फॉर्म त्यांच्याकडं वळवला. "असा शब्दच नसतो बाई ह्यात. बघा. कलम आहे, रक्कम आहे. चोर लिहायला जागाच नाही."

आशाबाईंनी तो फॉर्म बघितला. सातवीपर्यंत शिकलेल्या, सगळं समजलं नाय. पण त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून एकेक ओळ बघितली. खरंच कुठं नव्हता तो शब्द. पाडव्यापासून माणूस ज्या शब्दानं झोपला नाय, जेवला नाय, तो शब्द कागदावर कधी येणारच नव्हता. एवढं कोणी त्यांना आधी सांगितलं असतं तर. विशाखानं मान वळवली, तिचे डोळे भरले होते. तिच्या तोंडातनंच तो शब्द पहिल्यांदा गेला होता, चोरीसारखं. आशाबाईंना ते आठवलं. पोरीच्या पाठीवर हात ठेवला तेवढा.

पैसे कंपनीच्या खात्यातनं गेले. आशाबाईंनी जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या. नावाखाली डायरेक्टर असं छापलेलं होतं.

दुपार कलल्यावर गाडी सुटल्याचा कागद मिळाला. कचरू जवळजवळ पळतच आवारात गेला, टेम्पोच्या बोनेटवरची धूळ हातानंच पुसली. चावी फिरवली. दोन-तीन झटके देऊन इंजिन लागलं.

"चला, औरंगपुऱ्यात उतरवतो," तो म्हणला.

"नाही कचरूकाका," विशाखा म्हणली. "दुकान आता नाही. ज्याला विकला तो माणूसच नाही, तर माल कोणाला उतरवणार? कंपनीचा माल कंपनीत परत. सिल्लोडला न्या. मी परतीचा कागद करून दिलाय, ई-वे बिलासकट. आधीचं बिल रद्द."

मुहूर्ताची गाडी कधी माघारी गेली नव्हती. मग कचरूनं ताडपत्रीची दोरी सोडली. "वहिनी, ते लॉकरमधलं तरी घ्या."

पहिलं कपाट मागच्या बाजूलाच होतं. आशाबाईंनी दार उघडलं. आठवडाभराच्या उन्हानं आत भट्टीसारखी गरम हवा. नारळाची शेंडी वाळून गेली होती. खाली रुपया आन् चार आणे.

नाणी तळहातावर घेऊन त्यांनी विशाखाला विचारलं, "हे कोणाचे? कंपनीचे ना? ह्यांनी दाम म्हणून दिले होते."

विशाखानं विचार केला. खरंच केला, उगी समजूत घालायला नाय. "बिल रद्द झालं काकू. म्हणजे कंपनीनं ते काकांना परत द्यायचे. काका नाहीत, म्हणजे वारसाला. तुम्हाला."

"मग देणारी पण मीच?"

"हो. देणाऱ्या पण तुम्हीच."

आशाबाईंनी उजव्या हातातली नाणी डाव्या हातात घेतली, आन् पदराच्या टोकाला गाठ मारली.

नारळ राहिला. त्यांनी तो कचरूपुढं धरला. "मला सुतकात फोडता यायचा नाय. तू फोड."

"आमच्यात नाय फोडत नारळ, वहिनी, आम्ही बौद्ध. दरसाल आण्णा फोडायचे, मी खायचो. असं वाटून घेतलं होतं काम." त्यानं नारळ हातात फिरवला, कानाशी धरून हलवला. पाणी वाजलं नाय. मग पाना घेऊन आवारातल्या दगडावर एक ठोका दिला. आतनं खोबरं सुटून आलं होतं.

तात्यासाहेब फाटकाजवळ जीपला टेकून उन्हात उभे होते, सकाळपासून. आशाबाई गेल्या आन् घडी घातलेला कागद, होता तसा, त्यांच्या हातात दिला. तात्यासाहेबांनी तो उलगडून बघितला नाय. चार तुकडे केले आन् जीपमध्ये टाकले.

मागनं कचरू आला, खोबऱ्याचा तुकडा पुढं करून. "घ्या तात्यासाहेब."

"सुतकात?"

"टेम्पोला कुठं हाय सुतक? टेम्पोचा नारळ हाय."

तात्यासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं, शिवी येती का काय असं वाटलं. मग तुकडा घेतला, तोंडात नाय टाकला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आन् वरनं खिसा दाबला.

टेम्पो वळून सिल्लोडच्या रस्त्याला लागला.